सौंदर्योपचाराच्या व्यवसायात उतरताना: हद्द, परवाना आणि प्रमाणपत्र

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्नसराईला जोर आला, की जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, शहादा या गावांतल्या पार्लरच्या पाट्यांवर लेझर, पीआरपी, बोटॉक्स, फिलर, ग्लुटाथिऑन, मायक्रोनीडलिंग असे शब्द वाढलेले दिसतात. मी गेली काही वर्षे खानदेशातल्या मुलींना ब्युटी पार्लरचे काम शिकवते, आणि दर हंगामात एक तरी मुलगी एखाद्या दोन दिवसांच्या शिबिराची जाहिरात फोनवर दाखवून विचारते, "ताई, हा कोर्स केला तर मला इंजेक्शन देता येईल ना?" तिने फीचे पैसे जमवलेले असतात, घरच्यांची परवानगी मिळवलेली असते, आणि मला तिला नाही म्हणावे लागते. ते नाही कशासाठी, आणि कायद्यात बसून याच क्षेत्रात पुढे जाण्याचे रस्ते कोणते, हे नवख्या माणसाला क्रमाने कळावे म्हणून हा लेख लिहिला आहे. यात पार्लर चालवणाऱ्या मुली आहेत, तसेच नुकतेच पदवीधर झालेले आणि याच व्यवसायाकडे वळू पाहणारे डॉक्टरही आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. शस्त्रक्रियेविना केल्या जाणाऱ्या सौंदर्योपचारांसाठी "कॉस्मेटिक प्रॅक्टिशनर" असा स्वतंत्र परवाना आपल्या देशात नाही. इंग्लंडमध्ये २०२२ च्या आरोग्य व काळजी कायद्याने असा परवाना लागू करण्याचा अधिकार तिथल्या सरकारला दिला, आणि त्याआधी २०२१ पासूनच तिथे वेगळ्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी बोटुलिनम (बोटॉक्समधले औषध) किंवा फिलर (चेहऱ्याचा भाग भरून आणणारे इंजेक्शन) देण्यावर बंदी आलेली होती. आपल्याकडे मात्र तुमचा अधिकार चार-पाच निरनिराळ्या कायद्यांतून ठरतो. उपचार कोण करतो हे वैद्यक परिषदा पाहतात, काय टोचले जाते हे औषध कायदा पाहतो, जागेचे कागद महापालिका किंवा नगरपालिका पाहते, वापरलेल्या सुईचे काय झाले हे प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते, आणि ग्राहकाचे नुकसान झाले तर ग्राहक आयोग पाहतो. एकाच कागदावर हे सगळे मिळते असे जो सांगेल, त्याला फी देऊ नये.

पहिली पायरी: आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे ठरवा

या क्षेत्रात येणारी माणसे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिल्या रांगेत ब्युटीशियन आणि ब्युटी थेरपिस्ट आहेत, ज्यांचे शिक्षण आयटीआयमध्ये, कौशल्य केंद्रात किंवा एखाद्या पार्लरमध्ये झालेले असते. दुसऱ्या रांगेत एमबीबीएस आणि त्यापुढचे डॉक्टर आहेत, आणि त्यांतही त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेले, तसेच प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेले डॉक्टर वेगळे मोजले जातात. तिसऱ्या रांगेत बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), बीयूएमएस (युनानी) आणि बीडीएस (दंतवैद्यक) पदवीधर आहेत. खानदेशात तालुक्याच्या गावांत बहुतेक दवाखाने हेच डॉक्टर चालवतात, आणि सौंदर्योपचारांच्या शिबिरांच्या जाहिरातीही मुख्यतः यांच्यासाठीच असतात.

परिचारिका, फार्मसिस्ट किंवा लॅब टेक्निशियन यांपैकी कोणी असाल, तर तुमच्या नोंदणीला तिच्या कामापुरते पूर्ण मोल आहे, पण चेहऱ्यावर स्वतःच्या निर्णयाने इंजेक्शन देण्याचा अधिकार तिच्यातून मिळत नाही. परिचारिकेला डॉक्टरांच्या आदेशानुसार आणि देखरेखीखाली काम करता येते, स्वतंत्र दुकान काढून नाही.

दुसरी पायरी: कामाची हद्द आखा

मी शिकवताना मुलींना हद्द अशी सांगते: त्वचेच्या वर लावायचे, चोळायचे, धुऊन काढायचे ते आपले, त्वचा भेदून आत जाणारे, रक्त काढणारे, किंवा उष्णतेने आतली पेशी जाळणारे ते डॉक्टरांचे. कायद्याच्या पुस्तकात ही रेघ अशा शब्दांत सापडणार नाही, पण औषध कायदा आणि वैद्यक परिषदांचे नियम एकत्र वाचले, तर नवख्या माणसाने सुरक्षित राहायला धरावी अशी रेघ हीच निघते.

या हिशेबाने फेशियल, क्लीनअप, वॅक्सिंग, थ्रेडिंग, केसांचे रंगकाम, मेकअप, मेहंदी आणि सौम्य स्वरूपाचे एक्सफोलिएशन (मृत त्वचा घासून काढणे) हे ब्युटीशियनचे काम. बोटुलिनम, फिलर, धागे घालणे, पीआरपी (ग्राहकाच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग वेगळा करून टोचणे), मेसोथेरपी (त्वचेत औषधाची बारीक इंजेक्शने), गोरेपणासाठी शिरेतून दिले जाणारे ग्लुटाथिऑन आणि खोल पील हे वैद्यकीय काम. बोटुलिनम टॉक्सिन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारे औषध आहे, आणि फिलर हे वैद्यकीय उपकरण म्हणून २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येते. ज्या वस्तू पार्लरला कायदेशीर मार्गाने विकतच घेता येत नाहीत, त्या पार्लरमध्ये टोचल्या जाऊ शकत नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

मधला पट्टा खरा अवघड आहे. केमिकल पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणे, हेच घ्या. ग्लायकोलिक आम्ल पाच-दहा टक्क्यांचे असले तर फेसवॉशमध्येही असते, आणि तेच सत्तर टक्क्यांचे झाले की चेहरा भाजतो. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन घटकांचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञ समितीने पार्लरमधील प्रशिक्षित व्यक्तीसाठी ग्लायकोलिकची कमाल मर्यादा ३० टक्के आणि पीएच (हा आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) ३ च्या खाली नसावा अशी सुचवली आहे, आणि त्यासोबत नीट धुणे व उन्हापासून संरक्षण या अटी घातल्या आहेत. तो आपल्याकडचा कायदा नव्हे, तरी ज्या बाटलीवर टक्केवारी आणि पीएच छापलेला नाही ती बाटली हातात घेऊ नये, हा नियम मी माझ्या वर्गात त्यावरूनच केला आहे. टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक) हे आम्ल तर पार्लरमध्ये ठेवूच नये.

मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला छिद्रे पाडणे, हा दुसरा अवघड प्रकार. "नुसता रोलर आहे, इंजेक्शन नाही" असे विक्रेते सांगतात, परंतु सुई त्वचेत शिरते आणि रक्त येते, हे त्यांच्या सांगण्याने बदलत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये २०१८ साली पीआरपीसह मायक्रोनीडलिंग करून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तपासात आढळले, आणि तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. मायक्रोब्लेडिंग (भुवयांच्या जागी त्वचेत रंग भरणे) आणि पर्मनंट मेकअप यांतही त्वचा भेदली जाते, म्हणून प्रत्येक ग्राहकाला नवी, सीलबंद सुई आणि नवा रंग, याखेरीज दुसरा मार्ग नाही.

लेझरविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त भाजण्याच्या तक्रारी मी याच उपचाराबाबत ऐकल्या आहेत. लेझर चालवणाऱ्यासाठी वेगळा देशव्यापी परवाना नसल्यामुळे डीलर मशीन विकतो, अर्ध्या दिवसाचे "ट्रेनिंग" देतो आणि निघून जातो. केस काढण्याचा लेझर केसांच्या मुळातील रंगद्रव्याला तापवून काम करतो. सावळ्या त्वचेत तेच रंगद्रव्य वरच्या थरातही भरपूर असते, त्यामुळे गोऱ्या त्वचेसाठी ठरवलेली सेटिंग आपल्याकडच्या मुलीला लावली की केसाआधी कातडी तापते, आधी फोड येतात आणि नंतर महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग राहतात. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर खोल जातो आणि वरच्या रंगद्रव्यात कमी शोषला जातो, म्हणून गडद त्वचेसाठी तो तुलनेने सुरक्षित मानतात. ८०० च्या आसपासच्या डायोड लेझरला जास्त सावधगिरी लागते. आणि आयपीएल हा तर लेझर नसून विस्तृत पट्ट्यातला प्रकाश आहे, तरीही तो लेझर म्हणूनच विकला जातो. हा फरक ज्याला सांगता येत नाही त्याने ते बटण दाबू नये, आणि ज्याला सांगता येतो त्यानेही त्वचारोगतज्ज्ञाने ग्राहक तपासून सेटिंग लिहून दिल्याशिवाय दाबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या तरंगलांबीचा चष्मा हवा, कारण लेझरची एक चुकीची परावर्तित रेषा दृष्टी घेऊन जाऊ शकते.

तिसरी पायरी: फी भरण्यापूर्वी प्रमाणपत्राची पारख करा

काही वर्षांपूर्वी मी स्वतः जवळच्या एका मोठ्या शहरात "इंटरनॅशनल अ‍ॅडव्हान्स कॉस्मेटॉलॉजी" नावाचा दोन दिवसांचा कोर्स केला. पहिल्या दिवशी स्लाइड दाखवल्या, दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या कपाळावर एकाने इंजेक्शन दिले आणि आम्ही वीस-बावीस जणी मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करत उभ्या राहिलो. संध्याकाळी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मिळाले. इंजेक्शन देताना रक्तवाहिनी बंद पडली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे, असा प्रश्न मी विचारला, तेव्हा "ते अ‍ॅडव्हान्स लेव्हलला शिकवतो" असे उत्तर आले. त्या दिवशी घरी परतताना रेल्वेत बसून मी ते प्रमाणपत्र नीट वाचले. त्यावर कोणत्याही परिषदेचे, विद्यापीठाचे किंवा सरकारी मंडळाचे नाव नव्हते. माझे पैसे गेले ते गेले, पण माझ्यासोबतच्या काहींनी दुसऱ्या आठवड्यापासून सुया टोचायला सुरुवात केली, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून प्रमाणपत्र हाती घेण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात. ब्युटीशियनसाठी आयटीआयमधील कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा, दहावीनंतरचा अभ्यासक्रम हा पाया म्हणून उत्तम आहे, आणि त्याचे प्रमाणपत्र देशभर चालते. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट, ब्युटी थेरपिस्ट असे अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात बसवलेले आहेत. महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचेही अभ्यासक्रम आहेत. संस्थेला विचारा, की तुम्ही प्रमाणपत्र देणाऱ्या कोणत्या संस्थेशी संलग्न आहात, अभ्यासक्रमाचा पात्रता कोड काय, आणि परीक्षा कोण घेते. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच असेल, तर तो कागद त्या दुकानापुरताच आहे.

भिंतीवरच्या चौकटींनी दबून जाऊ नका. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र फुकट, घरबसल्या मिळते आणि ते फक्त तुमचा व्यवसाय लघुउद्योग म्हणून नोंदला गेल्याचे सांगते. आयएसओचे प्रमाणपत्र संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबाबत असते, विद्यार्थिनीच्या हाताच्या कौशल्याबाबत नाही. ट्रस्ट किंवा कंपनी म्हणून झालेल्या नोंदणीवर "भारत सरकार" असे शब्द आणि बोधचिन्ह छापून काही जण संस्थाच सरकारमान्य असल्याचे भासवतात. परदेशी ब्युटी थेरपी पदविकांना पार्लर आणि स्पाच्या नोकरीत मान आहे, परंतु त्यांतल्या कोणत्याही पदविकेमुळे भारतात सुई टोचण्याचा अधिकार मिळत नाही.

चौथी पायरी: डॉक्टरांनी आपली नोंदणी आणि आपले प्रशिक्षण वेगवेगळे तपासावे

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातील कलम ३४ नुसार, नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याखेरीज महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ खाली बोगस डॉक्टरांवर राज्यात गुन्हे दाखल होतात. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आयुर्वेद आणि युनानीची महाराष्ट्र भारतीय चिकित्सा परिषदेकडे, होमिओपॅथीची महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे आणि दंतवैद्यांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर छापणे बंधनकारक आहे.

नोंदणी असली म्हणजे प्रशिक्षण झाले असे मात्र नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केसरोपण आणि सौंदर्यविषयक प्रक्रियांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यांत कार्यशाळेला बसणे किंवा यूट्यूबवर पाहणे हे अशा प्रक्रिया सुरू करण्यासाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे असे स्वच्छ लिहिले. एमबीबीएसनंतर थेट चेहऱ्यावर फिलर भरायला बसणाऱ्या तरुण डॉक्टरांनी हे वाक्य आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावे.

आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि त्यावर मोघम बोलून त्यांचे भले होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या खटल्यात, होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा मानला. आयुर्वेदाच्या डॉक्टरांना महाराष्ट्रात आधुनिक औषधे वापरण्याची जी मुभा आहे, ती त्यांनी त्या पद्धतीत घेतलेल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेपर्यंतची आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, परंतु त्यावर आधारलेल्या नोंदणीचा वाद न्यायालयात गेलेला आहे, आणि तो अभ्यासक्रम औषधांचा आहे, चेहऱ्याच्या शरीररचनेचा किंवा इंजेक्शनच्या तंत्राचा नव्हे. म्हणून या पदवीधरांना माझा सल्ला असा, की आपल्या परिषदेला पत्र लिहून "अमुक उपचार मी करू शकतो का" असे नाव घेऊन विचारावे आणि लेखी उत्तर फाइलला लावावे. शिबिराचे आयोजक तोंडी देतात ते आश्वासन ग्राहक आयोगासमोर उपयोगी पडत नाही. बीडीएस पदवीधरांनीही हाच मार्ग धरावा.

ज्यांना खरोखर याच क्षेत्रात राहायचे आहे, त्यांनी त्वचारोगाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा किंवा विद्यापीठमान्य फेलोशिपचा विचार करावा. फेलोशिपचे नाव नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहावे.

पाचवी पायरी: पार्लर आणि डॉक्टर एकत्र येत असतील तर करार कागदावर आणा

पार्लरने दर रविवारी बाहेरगावचे डॉक्टर बोलवायचे, ही पद्धत आता आपल्याकडे रुळली आहे. ती चुकीची नाही, मात्र डॉक्टर सकाळी येऊन फक्त सह्या करून गेले आणि सुया पार्लरच्या ताईने टोचल्या, तर दोघेही अडकतात. करारात ग्राहकाची तपासणी कोण करणार, औषध कोणाच्या नावाने विकत घेतले जाणार, डॉक्टर गावात नसताना गुंतागुंत झाली तर फोन कोणाला जाणार आणि तो किती वेळात पोहोचणार, नोंदी कोणाकडे राहणार, हे लिहिलेले असावे. नाव आणि डिग्री भाड्याने देणाऱ्या डॉक्टरवर त्यांची परिषद कारवाई करू शकते, आणि ते भाडे देणाऱ्या ताईवर पोलीस. फसवणूक आणि जिवाला धोका पोहोचवणारा निष्काळजीपणा हे गुन्हे भारतीय न्याय संहितेतही आहेत.

सहावी पायरी: जागेचे कागद

हे काम तुलनेने सोपे आहे. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली ऑनलाइन सूचना पुरते, वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी लागते (२०२५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा दहाची होती). बोलीभाषेत दोन्हींना "शॉप अ‍ॅक्ट" म्हणतात. रुग्ण दाखल करून घेणार असाल तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ लागू होतो, आणि जळगाव किंवा धुळे शहरात त्याचा अर्ज महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जातो. सेवांची उलाढाल वर्षाला वीस लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. डॉक्टरांनी इथे सावध राहावे, कारण आरोग्यसेवेला असलेली करमाफी निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या केसरोपणाला आणि कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला लागू नाही. आपल्या उपचारांचे काय, हे कर सल्लागाराला आधीच विचारून घ्यावे.

सातवी पायरी: माल कुठून घेता ते पाहा

औषध परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच, बिलावर, बॅच क्रमांकासह खरेदी करा. आयात केलेल्या फिलरच्या खोक्यावर आयातदाराचे नाव आणि आयात परवाना क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तर ती वस्तू देशात चोरवाटेने आलेली आहे असे समजा. सुरतहून किंवा इंदूरहून कुणाच्या तरी बॅगेतून, बिलाविना, अर्ध्या किमतीत येणारा माल हा आपल्या भागातला सर्वांत मोठा धोका आहे.

बोटुलिनमची बाटली साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्याच दिवसांत वीज जाते, तेव्हा ती बाटली कुरिअरच्या खोक्यात दुपारभर एसटी स्थानकावर पडून राहिली होती का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. फ्रीजमध्ये तापमापक ठेवा, दिवसातून दोनदा वहीत नोंद करा आणि इन्व्हर्टरवर फ्रीजची जोडणी घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटुलिनमची युनिटे एकमेकांच्या जागी मोजता येत नाहीत, हेही नव्या डॉक्टरांनी विसरू नये.

गोरेपणासाठीच्या क्रीमवर एक वेगळा शब्द. स्टेरॉइड असलेली अनेक मलमे २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरीही ती "फेअरनेस क्रीम" म्हणून पार्लरमध्ये लावली जातात. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० नुसार डोळ्यांखेरीजच्या प्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये पारा असलेल्या अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचे आजार झाल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले. नाव-पत्ता नसलेली डबी कितीही झटपट उजळपणा देत असली, तरी ती दुकानात ठेवू नका.

आठवी पायरी: सुईचा शेवट

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ हे खाटा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या दवाखान्यांना लागू आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार करावा लागतो. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. सुई काढलेली सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत. काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात. ४८ तासांपेक्षा जास्त वेळ हा कचरा साठवू नये. कर्मचाऱ्यांना हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे याच नियमांत बंधनकारक केलेले आहे, आणि छोट्या दवाखान्यांत सर्वांत जास्त विसरली जाते ती हीच अट. पार्लरमध्ये ब्लॅकहेड काढताना रक्त लागलेली सुई घंटागाडीत गेली, तर ती सफाई कामगाराच्या हातात टोचते. जवळच्या दवाखान्याशी बोलून तिची सोय लावा.

नववी पायरी: ग्राहकाशी बोलणे, संमती आणि नोंद

समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले, की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचार काय, धोके काय, पर्याय कोणते, हे रुग्णाला समजेल अशा प्रकारे सांगितलेले असले पाहिजे. आपल्याकडे याचा अर्थ असा, की इंग्रजीत छापलेल्या चार पानांवर सही घेऊन भागणार नाही. ग्राहक अहिराणी बोलत असेल तर अहिराणीत सांगा, सातपुड्याच्या पाड्यांवरून आली असेल तर तिच्या सोबतच्या माणसाला दुभाष्या करा, आणि मराठी संमतीपत्रावर ते कोणी, कोणत्या भाषेत समजावले हे लिहा.

गरोदरपण, अंगावर पाजणे, मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे करणारा आजार), तोंडावर येणारे जर (हर्पिसचे फोड), जखमेवर गाठी येण्याची प्रवृत्ती, मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, हे प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. १८ वर्षांखालील मुलीचा फिलर किंवा बोटुलिनमचा आग्रह, आई सोबत असली तरी, मी नाकारायला सांगते.

ऊन हा खानदेशात उपचाराचाच भाग धरावा लागतो. पील किंवा लेझर झालेल्या मुलीला उद्या सकाळी केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या शेतात जायचे असेल, तर तो उपचार त्या हंगामात करू नये. "सनस्क्रीन लावा" एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही. नवऱ्या मुलीची हळद चार दिवसांवर असताना तर कोणताही नवा उपचार करू नका, कारण काही बिघडले तर दुरुस्तीला वेळच उरत नाही. लेझर आणि पीलसाठी मी दिवाळीनंतरची थंडी सुचवते आणि ग्राहक सहसा समजून घेतात.

दहावी पायरी: जाहिरात

लठ्ठपणा घालवण्याची किंवा स्तनांचा आकार बदलण्याची औषधी हमी देणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमात बसत नाही. नोंदणीकृत डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेचीही बंधने आहेत. ब्युटीशियनने नावापुढे "डॉ." लावू नये आणि पाटीवर "स्किन क्लिनिक" लिहू नये. ग्राहकाचे आधीचे-नंतरचे फोटो तिच्या लेखी परवानगीशिवाय स्टेटसला टाकू नयेत. लहान गावात चेहरा ओळखायला क्षणही लागत नाही.

अकरावी पायरी: काही बिघडले तर

फिलरनंतर त्वचा पांढरी पडणे, असह्य दुखणे किंवा दिसेनासे होणे ही रक्तवाहिनी बंद पडल्याची लक्षणे आहेत, आणि नाक व दोन भुवयांमधली जागा यासाठी सर्वांत धोक्याची. हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर विरघळवणारे हायल्युरॉनिडेज जवळ नसेल, तर डॉक्टरांनीही फिलर भरू नये. ग्राहकाला "उद्या बघू" न सांगता तत्काळ त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा जळगाव, धुळे, नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या, आणि काय टोचले त्याची बाटली, स्टिकर सोबत द्या.

औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर नोंदवता येतो. बनावट किंवा बिलाविना माल आढळला तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात, बोगस डॉक्टर आढळला तर जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त यांच्याकडे, आणि सेवेत त्रुटी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात मोडते, हे १९९५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे.

हे क्रमांक, तुमच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक, सोबतच्या डॉक्टरांचा रात्रीचा फोन आणि प्रदूषण मंडळाला ३० जूनपूर्वी पाठवायच्या वार्षिक अहवालाची तारीख एका कागदावर मराठीत लिहून उपचाराच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि नवी मदतनीस कामाला लागली की पहिल्या दिवशी तो कागद तिला वाचून दाखवा.